आधी अंतर, मग माइक

शॉन बेकर या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘टँजरिन’ २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तो तीन आयफोनवर चित्रित झाल्याची बातमी जगभर पसरली. आपल्याकडच्या होतकरू दिग्दर्शकांनीही ती वाचली, पण अर्धीच. चित्र फोनवर घेतले होते, आवाज नव्हे. आवाजासाठी वेगळा साउंड रेकॉर्डिस्ट होता आणि त्याची सामग्री व्यावसायिक दर्जाची होती. हा भाग बातमीत आला नाही, कारण त्यात बातमी करण्यासारखे काही नव्हते. फोनच्या कॅमेऱ्याची जाहिरात करायला मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत. माइक टांगायच्या बूमच्या काठीची जाहिरात कोण करणार?

परिणाम दिसतोच आहे. स्वस्त कॅमेऱ्याचेही चित्र आता पडद्यावर उभे राहते. गेल्या काही वर्षांतल्या लघुपटांचे आणि कमी खर्चातल्या मराठी चित्रपटांचे चित्रण पाहिले, तर या लोकांनी हे कोणत्या पैशात केले असा प्रश्न पडावा. पात्रे बोलू लागली की मात्र तो पैसा उघडा पडतो. संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात, मागे पंखा घुमत असतो आणि एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना आवाजाचा पोत बदलतो. अंधुक चित्र प्रेक्षक दिग्दर्शकाची शैली समजून सोडून देतो. वाक्य कळले नाही, तर तो शेजाऱ्याला विचारतो, “काय म्हणाला?” आणि तिथे चित्रपट तुटतो.

अशा मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो: अमुक हजारात कोणता माइक घेऊ? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो विचारण्याची वेळ चुकलेली असते. माइकचे नाव ही या हिशेबातली शेवटची ओळ. तिच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: चित्रीकरण कुठे होणार, माइक पात्राच्या किती जवळ नेता येणार आणि तो कोण धरणार. ही उत्तरे हाती असली, तर मध्यम किमतीचा माइकही काम भागवतो. ती नसतील, तर लाखाचा माइकही लाखाच्या किमतीत पंखाच रेकॉर्ड करतो.

ही अडचण आजची नाही. १९३१ साली अर्देशिर इराणी मुंबईत ‘आलम आरा’ करत होते, तेव्हा स्टुडिओशेजारून रेल्वे जात असे. उपाय एकच होता: गाड्या थांबल्यावर, म्हणजे मध्यरात्रीनंतर चित्रीकरण. माइक नटांच्या जवळपास कुठेतरी लपवलेले असत. भारताचा पहिला बोलपट करणाऱ्या त्या माणसांनी आधी शांत वेळ शोधली आणि मग माइक तोंडाजवळ नेला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, त्याचाही आवाज सेटवरच घेतलेला होता. पार्श्वगायन आणि डबिंग हे सारे नंतरचे.

पुढे हातात मावणारे, कुठेही नेता येणारे, पण घरघरणारे कॅमेरे आले. बाहेरच्या चित्रीकरणात त्यांच्या आवाजातून संवाद वाचवण्यापेक्षा ते नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणे सोपे होते. सोय म्हणून आलेली पद्धत काही दशकांत सवय झाली. सेटवरचा आवाज फक्त ‘पायलट ट्रॅक’, डबिंगच्या वेळी नटाला आठवण करून देण्यापुरता. मग सेटवर शांतता राखायची तरी कोणासाठी? लोक बोलत राहिले, जनरेटर धडधडत राहिला, दिग्दर्शक चालू शॉटमध्ये ओरडून सूचना देत राहिले. कच्छमध्ये चित्रित झालेल्या ‘लगान’ने २००१ मध्ये ही सवय मोठ्या प्रमाणावर मोडली. नकुल कामते यांनी शेकडो माणसांच्या त्या चित्रपटाचा आवाज जागेवरच घेतला आणि ध्वनीचे राष्ट्रीय पारितोषिकही त्या चित्रपटाला मिळाले. नंतर मुंबईच्या वस्त्यांमध्ये चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. मुंबईच्या गोंगाटात आवाज घेताच येत नाही, ही सबब तिथे संपली.

राष्ट्रीय पारितोषिकांत जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी पुढे स्वतंत्र पारितोषिक आले. २०२२ साली ते ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला जाहीर झाले आणि हा चित्रपट डब केलेला आहे, असे त्याच्याच ध्वनिसंयोजकाने जाहीरपणे सांगितले. पूकुट्टी यांनीही त्यावर बोट ठेवले. परीक्षकांना फरक ऐकू आला नाही की कोणी विचारलेच नाही, कोण जाणे. आवाजाकडे आपण किती लक्ष देतो, याचा याहून बोलका दाखला शोधायला नको.

मोठ्या निर्मात्याला डबिंगची वाट उपलब्ध आहे. छोट्या निर्मात्याला ती दिसते, पण परवडत नाही. खर्च हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण त्याच्या नटांमध्ये आहे. मराठीतला जो स्वतंत्र चित्रपट गेल्या काही वर्षांत नावारूपाला आला, त्याने गावातली, वस्तीतली, कधीही कॅमेऱ्यासमोर न आलेली माणसे उभी केली. ‘फँड्री’तला मुलगा किंवा ‘कोर्ट’मधले लोकशाहीर यांच्यासारखी माणसे त्या चित्रपटांचा कणा आहेत. अशा माणसाला सहा महिन्यांनी काचेच्या खोलीत उभे करून, स्वतःच्या ओठांकडे पाहत तेच वाक्य त्याच दमात म्हणायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीतला हेल तर त्या खोलीत हमखास सपाट होतो. ज्या चित्रपटाचे भांडवल खरी माणसे आणि खरी बोली आहे, त्याने आवाज जागेवरच घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आता अंतराकडे वळू. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सहा डेसिबलने उतरते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला माइक पात्रापासून आठ फुटांवर असतो. तोच माइक बूमवर चढवून डोक्यावर दोन फुटांवर आणला, तर अंतर चौपट कमी होते आणि संवाद बारा डेसिबलने वर येतो. रस्त्याचा, पंख्याचा, शेजारच्या टीव्हीचा आवाज मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा घुमारा सगळीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून जवळ जाण्याचा फायदा तिथे अधिक जाणवतो. बारा डेसिबलचा असा फायदा कोणताही महागडा माइक लांब उभा राहून देत नाही. म्हणून कॅमेऱ्यावरच्या छोट्या माइकवर पैसे घालण्याआधी एक काठी घ्यावी. ॲल्युमिनियमची बूम काठी चार आकडी किमतीत येते. ती मिळाली नाही, तर रंगाऱ्याची लांब होणारी काठी आणि तिच्या टोकाला रबरी झुल्यात टांगलेला माइक यांनीही काम होते. माइक काठीला थेट बांधला, तर हाताची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते; झुला त्यासाठी.

अंतराचे महत्त्व रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी टोकाला नेऊन दाखवले. मेक्सिकोत सुमारे सात हजार डॉलरांत चित्रित केलेल्या आणि १९९२ साली पुढे आलेल्या ‘एल मारियाची’साठी त्यांच्याकडे उसना मिळालेला १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. तो आवाजाशी जुळून चालणारा नव्हता आणि त्याची घरघरही भरपूर होती. त्यांनी शॉट घ्यायचा, कॅमेरा बंद करायचा आणि लगेच त्याच जागी, माइक नटाच्या तोंडाशी नेऊन, तीच वाक्ये साध्या कॅसेट रेकॉर्डरवर पुन्हा म्हणवून घ्यायची, असे केले. संकलनात ती हाताने ओठांशी जुळवली. जिथे जुळेनात, तिथे दुसऱ्याच दृश्याकडे कट केला. पुढे मोठ्या स्टुडिओने तो चित्रपट विकत घेतला आणि पडद्यावर आणण्याआधी त्यावर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा ओतला, हे खरे. पण मूळ युक्ती आजही उपयोगी आहे. शॉट संपताच, नट त्याच भावात असताना, जवळ माइक नेऊन संवाद एकदा नुसता आवाजासाठी घ्यावा. साउंडवाले त्याला ‘वाइल्ड ट्रॅक’ म्हणतात. एक-दोन मिनिटांच्या या कामाने डबिंगचा अख्खा दिवस वाचू शकतो.

माइक निवडायची वेळ आली की बहुतेकांची नजर लांबोडक्या गन माइकवर जाते. तो दुर्बिणीसारखा दूरचा आवाज ओढून आणतो, असा समज घट्ट आहे. तो कोणताही आवाज ओढत नाही; बाजूने येणारा आवाज तेवढा कमी करतो, आणि तोही अर्धवट. त्याच्या नळीला कडेने फटी असतात. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ माइकच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतो. बाजूने येणारा आवाज वेगवेगळ्या फटींतून मागेपुढे शिरतो आणि स्वतःलाच खोडतो. हे खोडणे नळीच्या लांबीवर अवलंबून असते. नेहमीच्या गन माइकची नळी वीतभर, फार तर फूटभर. १००० हर्ट्झच्या ध्वनीची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते आणि १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. एवढ्या लांब लहरीपुढे ती नळी नसल्यातच जमा. त्यामुळे बसची घरघर, जनरेटरची धडधड, डीजेचा ठोका हे सारे बाजूंनीही बऱ्यापैकी आत येतात. महागड्या माइकमध्येही येतात.

बंद खोलीत तर ही नळी अडचणच करते. भिंतीवरून परतलेला संवाद बाजूने फटींत शिरतो, त्यातल्या काही वारंवारता खोडल्या जातात, काही राहतात, आणि आवाजाला एक पोकळ, नळकांड्यासारखा रंग चढतो. पात्र जरा हलले की तो रंग बदलतो. आपल्या लघुपटांतली निम्मीअर्धी दृश्ये दहा बाय बाराच्या खोलीत, शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर, उघड्या भिंतींमध्ये घडतात. तिथे गन माइकपेक्षा आखूड, पेन्सिलच्या आकाराचा, हायपरकार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारा माइक बरा. जगभरच्या सेटवर खोलीसाठी शोप्सचा माइक किंवा सेनहायझरचा एमकेएच ५० वापरतात. ते आपल्या हिशेबाबाहेरचे. त्याच जातीत रशियाच्या तुला शहरात बनणारा ऑक्टावा एमके-०१२ हायपरकार्डिऑइड कॅप्सूलसह कमी खर्चात काम करणाऱ्यांच्या पिढ्यांनी वापरला आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटी ४०५३बी थोडा महाग, पण एकदा घेतला की वर्षानुवर्षे पुरणारा.

माइक बदलण्याआधी खोली बदलता आली तर उत्तम, आणि ते काम जवळपास फुकट होते. चौकटीबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, फरशीवर सतरंज्या आणि गाद्या टाकाव्यात. गोधडीचे थरावर थर शिवलेले कापड घुमारा बऱ्यापैकी शोषते, आणि ती प्रत्येक घरात असते. पंखा बंद करावा. बूम वरून खाली रोखला असताना गन माइकची पाठ छताकडे असते आणि त्या पाठीलाही थोडे ऐकू येते, हे लक्षात ठेवावे. फ्रिज बंद करावा, आणि परत लावायचे विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवावी. ही युक्ती जगभरचे साउंडवाले सांगतात. जागा पाहायला जाताना दिग्दर्शक आणि कॅमेरामन उजेड बघतात. तिथे कोणीतरी पाच मिनिटे डोळे मिटून बसले पाहिजे, तेही चित्रीकरणाच्याच वेळी. दुपारी शांत असलेल्या गल्लीत सहा वाजता शाळेच्या बस येतात.

बाहेरच्या दृश्यांसाठी गन माइक योग्यच. सेनहायझरचा एमकेएच ४१६ अनेक दशके सेटवर टिकून आहे, आणि त्याचे एक कारण कोकणात काम करणाऱ्यांना पटेल. त्याची आतली रचना रेडिओ वारंवारतेवर चालते, त्यामुळे दमट हवेत तो सहसा कुरकुर करत नाही. साधा कंडेन्सर माइक जुलैमधल्या रत्नागिरीत अचानक चरचरायला लागू शकतो. रोडचे एनटीजी ३ आणि एनटीजी ५ याच तत्त्वावर चालतात आणि ४१६ पेक्षा स्वस्त आहेत. त्याखालच्या पायरीवर रोडचा एनटीजी २, सेनहायझरचा एमकेई ६००, डेइटीचा एस-माइक २ असे पर्याय आहेत. त्यांतला कोणता, यावर तासन् तास वाद घालणारे भेटतात. या वादात एक आकडा वारंवार येतो: माइकचा स्वतःचा खरखराट. एनटीजी २ चा तो १८ डेसिबल, ४१६ चा १३. फरक खरा आहे. पण मुंबईतली रात्रीची खोलीसुद्धा या दोन्ही आकड्यांहून बरीच गोंगाटी असते, त्यामुळे तिथे हा फरक ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीत, रातकिडे थांबल्यावर, कुजबुजत्या संवादात. अशी दृश्ये चित्रपटात किती आहेत, ते मोजून पैसे मोजावेत.

बूम कुठून धरायचा, हेही आकड्यांइतकेच महत्त्वाचे. तो वरून, पात्राच्या छातीकडे रोखून धरला की माइकच्या समोर पात्र आणि पात्राच्या मागे जमीन असते. जमीन सहसा गप्प असते. तोच समोरून आडवा धरला, तर पात्राच्या मागचा सगळा रस्ता माइकच्या तोंडासमोर येतो.

वाऱ्याचे संरक्षण ही खरेदीची अशी वस्तू आहे की जी सगळे शेवटी घेतात आणि पहिल्याच दिवशी पस्तावतात. माइकसोबत येणारी स्पंजची टोपी खोलीत बूम फिरवण्यापुरती. मोकळ्या माळावर केसाळ आवरण लागतेच, आणि समुद्रकिनाऱ्यावर किंवा पठारावर माइकभोवती हवेची पोकळी ठेवणारी पूर्ण जाळीदार टोपली आणि तिच्यावर ते केसाळ आवरण. वाऱ्याचा धपधप आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. बजेट तुटत असेल, तर माइक एक पायरी खालचा घ्यावा आणि आवरण चांगले घ्यावे.

लांब शॉटमध्ये बूम दृश्यात येतो. तिथे कॉलर माइकचे राज्य सुरू होते. बोयाचा बीवाय-एम१ हा तारेचा माइक गेली काही वर्षे यूट्यूबवाल्यांच्या शर्टांवर दिसतो, आणि त्याच्या किमतीचा विचार करता त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. नटाच्या खिशात दुसरा फोन ठेवून, त्यात हा माइक जोडून, फोन विमान-मोडवर टाकून रेकॉर्डिंग केले, तर विद्यार्थ्याच्या पहिल्या लघुपटाला ते पुरते. बिनतारी संच आता रोड, डीजेआय, हॉलीलँड यांचे सहज मिळतात. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे परवान्याची भानगड नाही, पण वाय-फायशी तीच वाट वाटून घ्यावी लागते. मानवी शरीर त्या लहरी अडवते, म्हणून पाठीला लावलेला ट्रान्समीटर आणि समोरचा रिसीव्हर यांच्यात नट स्वतःच भिंत होतो. जत्रेच्या गर्दीत, जिथे हजार फोन चालू आहेत, तिथे त्यांच्यावर विसंबू नये. ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज साठवण्याची सोय आहे, उदाहरणार्थ रोडचा वायरलेस गो २, तोच संच घ्यावा. लहर तुटली तरी मूळ आवाज हाती राहतो.

कॉलर माइकची खरी परीक्षा वेषभूषा घेते. परदेशी माहितीपटांत सगळे सांगतात की माइक शर्टाच्या बटणपट्टीखाली लावा. आपल्या नायिकेने नऊवारी नेसली आहे, तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, हातात काचेच्या बांगड्या आहेत आणि ती दर वाक्याला पदर सावरते आहे. मंगळसूत्राची वाटी माइकवर एकदा आपटली की तो टेक गेला. माइक पदराच्या कडेला न लावता ब्लाउजच्या आत, मायक्रोपोर पट्टीने कापडाला वरखाली दोन्ही बाजूंनी चिकटवून लावावा. ही पट्टी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. बांगड्या दोऱ्याने एकत्र बांधाव्यात. पुरुषपात्र फेटेवाले असेल, तर माइक फेट्याच्या कडेत लपवावा. तिथे तो तोंडाच्या जवळ राहतो आणि हालतही नाही. कोल्हापुरी चप्पल पाय दिसत नसतील तेव्हा काढून ठेवावी. कडक इस्त्रीची खादी आणि नवे रेशीम यांच्या सळसळीबद्दल वेषभूषाकाराशी चित्रीकरणाआधी बोलावे. साउंडवाल्याने पहिल्या दिवशी सकाळी हा विषय काढला, तर तो सेटवरचा सर्वात अप्रिय माणूस ठरतो.

कापडाखालच्या माइकची आणखी एक अडचण आहे. कापड वरच्या वारंवारता खाते, आणि हनुवटीखाली तशाही त्या कमी पोहोचतात. मराठीतले स आणि श, किंवा ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे च, यांचा फरक नेमका तिथेच असतो. त्यामुळे बूम शक्य असेल तिथे बूमच मुख्य आणि कॉलर माइक राखीव, हा क्रम पाळावा.

रेकॉर्डरबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याच्या किंवा फोनच्या आतला आवाजाचा भाग बहुधा कच्चा असतो. कमी आवाज वाढवला की खरखर वाढते. वेगळा रेकॉर्डर घ्यावा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावा आणि प्रत्येक शॉटला क्लॅप द्यावा. झूम एफ३ सारख्या ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरने एकट्याने काम करणाऱ्याची मोठी सोय केली आहे. पातळी आधी ठरवावी लागत नाही. नट कुजबुजला काय आणि किंचाळला काय, नंतर वरखाली करता येते. जाहिरातीत याला जादू म्हणतात. पण माइकच फाटला असेल, बिनतारी संचातच आवाज चिरडला असेल किंवा खोली घुमत असेल, तर बत्तीस बिट त्या दोषाची उत्तम प्रत काढून देतात, एवढेच. कानावर हेडफोन नसलेल्या माणसाच्या हाती कोणताही रेकॉर्डर धोक्याचाच. प्रत्येक जागेवर, सगळे स्तब्ध उभे करून, अर्धा ते एक मिनिट नुसती शांतता घ्यावी. दोन टेक जोडताना ती रूम टोनची पट्टी सांधा झाकते.

आवाज स्वच्छ करणारी सॉफ्टवेअर फार सुधारली आहेत आणि त्यांची मदत जरूर घ्यावी. एकसुरी गुणगुण ती छान काढतात. पण जास्त घासले की गोंगाटाबरोबर स, श, ह यांच्यासारखे श्वासाचे वर्ण आधी झिजतात आणि पात्र लिफ्टमधल्या घोषणेसारखे बोलू लागते. ‘नंतर बघू’ म्हणून सेटवर सोडून दिलेला आवाज नंतर बघताना दुप्पट खर्च होतो.

मग पैसे कुठे घालावेत? विद्यार्थ्याने तारेचे दोन कॉलर माइक, दोन फोन आणि भरपूर गोधड्या एवढ्यावर सुरुवात करावी आणि मोठा माइक विकत घेण्याचा मोह टाळावा. जो वर्षातून चार-पाच लघुपट करतो, त्याने मधल्या पायरीचा एक माइक, बूम काठी, केसाळ आवरण, चांगला हेडफोन आणि दोन वाहिन्यांचा रेकॉर्डर घ्यावा. हा संच पाच आकड्यांत बसतो आणि कॅमेऱ्यासारखा दोन वर्षांत जुना होत नाही. केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या जाणकार कारागिराकडून चांगल्या कनेक्टरसह बनवून घ्यावी. अर्ध्याअधिक चरचरीचे मूळ सैल केबलीत असते. नामांकित माइक ओळखीशिवाय स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नये, कारण नकली माल बाजारात भरपूर आहे.

पूर्ण लांबीचा चित्रपट करणाऱ्याने मात्र बहुतेक काही विकत घेऊ नये. मुंबई-पुण्यात चांगले संच दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि सलग दिवसांसाठी भाव उतरतो. शिवाय संचासोबत माणूस घ्यावा. दिवसभर दोन्ही हात डोक्यावर ताणून, चौकटीच्या कडेपासून चार बोटे वर, सावली पडू न देता, संवाद पाठ करून, बोलणाऱ्या पात्राकडे वेळेआधी माइक वळवणे हे कौशल्याचे काम आहे. आपल्याकडे ते काम ‘जरा रिकामा दिसतोय’ अशा मुलाला देतात. त्याने तिसऱ्या तासाला हात खाली घेतला, तर दोष त्याचा नाही.

लघुपट स्पर्धा भरवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनीही यात हातभार लावावा. उत्कृष्ट चित्रणाला पारितोषिक असते, तसे जागेवर घेतलेल्या आवाजालाही ठेवावे आणि प्रवेशिकेत तो कोणी, कसा घेतला हे लिहायला लावावे. एखादा बूम संच घेऊन तो विद्यार्थ्यांना आळीपाळीने वापरायला देणे फार खर्चाचे नाही. आणि जे पुढच्या महिन्यात चित्रीकरण सुरू करणार आहेत, त्यांना एकच विनंती: अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या भाड्याचा आकडा लिहिण्याआधी बूम धरणाऱ्याचे नाव आणि त्याचे मानधन लिहा.